गुलाबबीची बेगम

प्रकाश्याला मी मुलींच्या शाळेवर होते, तेव्हा माझ्या घराला लागून गुलाबबी पिंजारीण राहत असे. मधे भिंत कसली, नुसता काट्यांचा कूड होता. तिकडे तिने पिंजणाची ताणलेली तांत छेडली की इकडे माझ्या फळीवरची पितळी भांडी बोलायला लागत. नवी नवी असताना मी एकदा तक्रार करायला म्हणून गेले आणि माझी रजई तिच्याकडून पिंजून घ्यायचं कबूल करून परत आले. गुलाबबीशी भांडायला गेलेला माणूस बहुधा असंच काहीतरी कबूल करून येई.

तेव्हा तापीवर पूल नव्हता. नंदुरबारच्या स्टेशनाकडे जायचं तर नावेने पलीकडे उतरावं लागे. गोमाई जिथे तापीला मिळते तिथे देवळं, देवळांखाली घाट, घाटाच्या वरच्या अंगाला मासे धरणाऱ्या भोयांच्या झोपड्या आणि त्यांच्या मागे आमची गल्ली. गुलाबबी अंगाने उंच, दणकट, आवाजाने त्याहून दणकट. भुवयांवर सदा कापसाचे तंतू बसलेले असत, त्यामुळे ऐन चाळिशीत ती पिकलेली दिसे. नवरा गेल्यावर तिने खुंटीवरचं पिंजण खाली काढलं आणि स्वतःच कापूस पिंजायला बसली. हे बाईमाणसाचं काम नव्हे, असं गावातले पुरुष म्हणत. म्हणत आणि तिनेच पिंजलेल्या गाद्यांवर निवांत झोपत.

तिचा एक गुण सांगायलाच हवा. ती कधी चुकत नसे. म्हणजे इतरांसारखीच चुके, पण तिला स्वतःला ते मुळीच मान्य नसे. माझी रजई तिने इतकी फुगवून दिली की ती पेटीत मावेना. मी तशीच ती काखेत मारून तिच्या दारात गेले.

"रजई बरोबर शे, बाई," ती म्हणाली. "पेटी ल्हान शे."

"अगं, पेटी माझ्या वडिलांच्या वेळची आहे. आजवर याच पेटीत मावत होती."

"मंग ती पह्यलेपासूनच ल्हान शे."

मी रजई पुन्हा काखेत मारून परत आले. ती रजई मी पुढे कितीतरी वर्षं वापरली. इतकी ऊबदार रजई मला पुन्हा मिळाली नाही, हेही खरंच.

अशा या बाईच्या घरी बेगम आली, ती तळोद्याहून, गाद्यांच्या बैलगाडीत बसून. तळोद्याला जंगलखात्याचा एक गोरा साहेब होता. त्याचा स्वयंपाकी अंतोन गोव्याचा. बंगल्याच्या गाद्या पिंजायला तो दरसाल गुलाबबीकडे येई. साहेब विलायतेला परत निघाला आणि अंतोनला बोटीवर नोकरी लागली. त्याच्याजवळ एक कुत्री होती, ती कुठे ठेवायची हा प्रश्न होता. गाडीतून उतरून त्याने दोरी सरळ गुलाबबीच्या हातात दिली.

"ये पानी का कुत्ता है," तो म्हणाला. "मेरा भाई जहाज पे है, उसने पोर्तुगाल से लाया. उधर मच्छीवाले इसको नाव पे रखते हैं. अब तो उधर भी बहोत कम रह गया. तुम रखो. तुम्हारे पास नदी है."

जणू गोमाई गुलाबबीच्या मालकीची होती. पण हे शेवटचं वाक्य तिला फार आवडलं असावं, कारण तिने दोरी परत दिली नाही.

आता त्या कुत्रीचं रूप ऐका. रंग काळाभोर. मान, छाती आणि पुढचे पाय दाट कुरळ्या केसांनी भरलेले. कमरेपासून मागे मात्र साफ उघडी, कातडी दिसेल इतकी. शेपटीही तशीच बोडकी आणि टोकाला एक गोंडा. सगळी गल्ली हसली. मीही हसले. एवढी भारी शाल पांघरून ही बाई लुगडं नेसायला विसरली की काय, असं वाटे. गावाने निदान केलं की हिला खरूज झाली आहे आणि ती मागून पुढे सरकते आहे.

गुलाबबीने ते निदान मान्य केलं, कारण त्यात तिला करायला काम होतं. करंजाच्या तेलात गंधक कालवून ती रोज सकाळी त्या कुत्रीचं मागचं अंग चोळू लागली. नाव ठेवलं बेगम. अंगणापलीकडे पिंजायचं छप्पर होतं, तिथे पिंजणाशेजारी तिची जागा. नमाजाची चादर घरात आणि बेगम छपरात, हा नियम गुलाबबीने स्वतःच घातला होता आणि मधलं अंगण ती रोज धुऊन काढी. बेगमनेही तो उंबरा कधी ओलांडला नाही.

हळूहळू मागचे केस आले. मग तर विचारूच नका. गुलाबबीने येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून बेगमची पाठ दाखवली. "मन्हा हात फिरना आनि रोग पयना," असं ती घाटावर सांगे, बाजारात सांगे, गाडीवाल्यांना सांगे. एक-दोघांनी आपल्या गुरांसाठीही तिच्याकडून तेल नेलं.

त्या दिवसांत आम्हाला बेगमची हळूहळू ओळख होत होती. तिचे केस गळत नसत. गुलाबबी तिला फणीने विंचरायची आणि सवयीने तळहात बघायची. तळहातावर बेगमचं काही नसायचं, फक्त छपरात उडून तिच्या अंगावर बसलेला कापूस. संध्याकाळपर्यंत ती काळी कुत्री पांढरी होई आणि रात्री पुन्हा काळी. बोटांमधली कातडी पहिल्यांदा पाहिली ती भोयांच्या म्होरक्याने, दगडू भोयाने. बेगमचा पंजा हातात धरून त्याने बोटं फाकवली आणि म्हणाला, "हाई काय कुत्रं शे? हाऊ ते बदकना पाय शे." तिला बुडीही मारता येई. पाण्यात दगड टाकला तर डोकं खाली घालून आत जाई आणि कुठलातरी दगड घेऊन वर येई. तोच दगड आहे असं गुलाबबी शपथेवर सांगायची.

पण तिचा खरा स्वभाव निराळाच होता. पाण्यावर जे तरंगतं ते कुणाचं तरी हरवलेलं असतं आणि ते त्याला परत नेऊन देणं आपलं काम आहे, अशी तिची ठाम समजूत होती. बायकांच्या हातून सुटलेली लुगडी तिने आणून दिली तोवर सगळे तिचं कौतुक करत होते. मग एकदा कुठलेसे यात्रेकरू आले. त्यांनी संगमावर पूजा करून नारळ पाण्यात सोडला. बेगमने तो आणून त्यांच्या पायाशी ठेवला. गृहस्थ चपापले. त्यांनी पुन्हा हात जोडून नारळ सोडला. बेगमने पुन्हा आणला, आणि या खेपेला शेपटीही हलवली. आपल्या हातून कोणतं पाप घडलं म्हणून नदी आपला नारळ घेत नाही, या विचाराने त्यांचा चेहरा पडला. त्यांची बायको तर रडायलाच लागली. पूजा सांगणारे देवळाचे गुरुजी संतापले. गुलाबबी घाटाच्या वरच्या पायरीवरून म्हणाली, "चांगलं नारय शे. वाया कसाले घालतस? प्रसाद करा." शेवटी खरंच तो फोडून प्रसाद वाटला आणि एक तुकडा बेगमला मिळाला. मला अजून त्या बाईचं डोळे पुसत हसणं आठवतं.

नारळावर निभावलं, पण जाळ्यांवर निभावलं नाही. भोई गोमाईच्या मुखाशी खुंट रोवून जाळी लावत. जाळ्याचा वरचा दोर तरंगता राहावा म्हणून त्याला वाळवलेले भोपळे बांधलेले असत. बेगमला एकाच जागी इतक्या हरवलेल्या वस्तू आजवर मिळाल्या नव्हत्या. भोपळ्याची दोरी दातात धरायची आणि काठाकडे ओढत सुटायचं. जाळं फाटे, मासे जात. पहिल्यांदा दगडू हसला. दुसऱ्यांदा त्याने गुलाबबीला बजावलं. तिसऱ्यांदा तो फाटलेलं जाळं खांद्यावर टाकून छपरात आला.

"तुन्ही कुत्री मन्हा पोरंस्ना घास काढी ऱ्हायनी, गुलाबबी," तो म्हणाला. आवाज चढवला नव्हता. "आते मी काय करू ते तूच सांग."

गुलाबबीच्या ओठांवर उत्तर तयार होतं, मी ते पाहिलं. पण तिने ते जाळं हातात घेतलं आणि त्याच्या फाटलेल्या घरांमधून बोटं फिरवली. सुताची किंमत तिला कळत होती.

चावडीवर बैठक झाली. पोळ्याच्या सणापर्यंत कुत्री गावाबाहेर गेली पाहिजे, नाहीतर भोई तिचा बंदोबस्त करतील, असं ठरलं. बंदोबस्त म्हणजे काय ते कुणी विचारलं नाही. गुलाबबीचा मावसभाऊ नंदुरबारला टांगा हाकत असे. पोळ्याच्या दिवशी येऊन बेगमला घेऊन जायचं त्याने कबूल केलं. तिथे बेगमसाठी पाणी म्हणजे घोड्याची डोणी. गुलाबबी तेव्हापासून पिंजायला बसली की तांतेचा आवाज निराळा येई, किंवा मला तसं वाटे. बेगम तिच्याशेजारी दोरीने बांधलेली.

तरी सकाळी एकदा ती तिला लांब दोरीने नदीवर नेई, जाळ्यांपासून दूर, वरच्या अंगाला. एका सकाळी मीही पाण्याला गेले होते. गुलाबबीने काटकी फेकली. बेगम झेपावली, निम्म्यापर्यंत गेली आणि तिचं मागचं अंग खाली बसू लागलं. पुढचे पाय मारत होती, पण मागे कुणी धरून ठेवल्यासारखी जागच्या जागी. नुसतं नाक वर राहिलं. गुलाबबी कमरेइतक्या पाण्यात शिरली आणि दोरी ओढून तिला काठावर आणलं. बेगम धापा टाकत पडली होती. तेलपाणी करून वाढवलेले ते मागचे लांब केस गुलाबबीने मुठीत धरून पिळले. पाणी निघालं. पुन्हा पिळले, पुन्हा निघालं. ती कितीतरी वेळ पिळत राहिली.

"बाई," ती हळूच म्हणाली, "भिजेल कापूस उचला शे का कधी तुम्ही?"

मी नाही म्हटलं.

"गाडीना बैल बसी जातस." मग बेगमच्या मांडीवर हात ठेवून म्हणाली, "तो रोग नव्हता. अंतोननी कातरेल व्हतं. पोहताना मांगला पाय मोकया ऱ्हावाले पायजे म्हनीसन. छातीले ऊब ऱ्हावाले पायजे म्हनीसन पुढला ठेवा."

अंतोनने याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. ज्या मुलखात प्रत्येक मच्छीवाल्याला हे ठाऊक, तिथल्या कुत्र्याबद्दल हे सांगायचं असतं हे त्याच्या डोक्यातच आलं नसणार. मी काही बोलणार इतक्यात गुलाबबीने मान वर केली.

"मी पह्यलेच सांगेल व्हतं."

"कधी?"

"तवय तुम्ही शाळामा व्हतात."

त्याच दिवशी तिने एका ठेलारी धनगराकडून मेंढ्या कातरायची कात्री मागून आणली आणि भर गल्लीत, सगळ्यांदेखत, बेगमला कमरेपासून मागे भादरलं. शेपटीचा गोंडा तेवढा ठेवला. लोक पोट धरून हसले. ज्या रोगाला बरं केल्याचं तिने गावभर सांगितलं होतं तो तिने आपल्या हाताने परत आणला होता. माणसाला मान्य करायला जड जातं ते हेच, आणि ते तिने खाली मान घालून, कात्री चालवत केलं. तोंडाने मात्र कबूल केलं नाही. मी म्हटलं, "आता दोन-चार दिवसांत तर ती जाणार. कशाला लोकांचं हसू ओढवून घेतेस?"

"जाई ते खरी," ती म्हणाली. "पन जाई ती बेगमसारखी जाई."

पोळ्याच्या आदल्या दिवशी शाळेला सुट्टी होती. ऊन चांगलं पडलं होतं. गावातले सगळे बैल नदीवर धुवायला आणलेले, घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. भोयांनी सणाचं गिऱ्हाईक साधायला होती नव्हती ती सगळी जाळी पाण्यात लावली होती. आमच्याकडे आभाळ स्वच्छ होतं, पण वर सातपुड्यात कुठेतरी जोरात पाऊस झालेला असणार. आधी पाणी गढूळ झालं, मग वरून आवाज आला. लोकांनी बैल हाणत वर काढले, आणि गोमाईचा लोंढा लाकडं, पाचोळा, झाडाची मुळं घेऊन आला. माणसं आणि जनावरं वाचली. जाळ्यांचे खुंट मात्र उपटले गेले.

आमची गल्ली उंचावर होती, मी दारातून पाहत होते. संगमाशी पाणी वळसा घेतं, तिथे भोपळे गोल फिरत होते. एकेका भोपळ्यामागे जाळी गुरफटत चालली होती. अजून ती गोमाईतच होती, पण एकदा तापीत शिरली की थेट सुरतेलाच भेटायची. भोयांच्या बायका काठावर उभ्या होत्या. ते सगळ्यांचं वर्षाचं पोट होतं. दोघा तरण्यांनी उडी घेतली. एका ओंडक्याने त्यांना असं ढकललं की बाकीच्यांनी ओढून बाहेर काढलं.

दगडू धावत आमच्या गल्लीत आला. गुलाबबी छपराच्या तोंडाशी बसली होती, शेजारी बेगम बांधलेली.

"गुलाबबी, कुत्रीले सोड."

"कोनले?"

"कुत्रीले. जाळी चालनी सगळी."

"तिले नाव शे."

दगडूने एकदा श्वास घेतला. "बेगमले सोड, माय," तो म्हणाला.

मी पाहत होते. बोलता बोलता गुलाबबीचे हात केव्हाचेच गाठ सोडत होते.

मीही त्यांच्या मागे धावले. नदीच्या काठावर मात्र तिचा धीर सुटला. तिने बेगमचा कान धरून ठेवला. एवढं पाणी, एवढी लाकडं, आणि ज्या लोकांनी हिला गावाबाहेर काढायचं ठरवलं त्यांच्यासाठी. मला वाटलं ती आता परत फिरते. तिने बेगमच्या कानाशी तोंड नेलं, "जा बेटा," एवढं म्हणाली आणि हात काढला.

बेगमने उडी घेतली. ती सरळ गेलीच नाही. धारेबरोबर तिरकी वाहत गेली, मागचे उघडे पाय पाण्याखाली सपासप चालताना दिसत होते, आणि पहिल्या भोपळ्याची दोरी तिने दातात धरली. खालच्या अंगाला ती काठाशी लागली तेव्हा माणसं छातीइतक्या पाण्यात हात पुढे करून उभी होती. दोर त्यांच्या हातात पडला आणि ती कुणी काही सांगायच्या आत वळली. ज्या खोडीपायी तिला हाकलायचं ठरलं होतं, तीच खोडी आता सगळं गाव श्वास रोखून बघत होतं. दुसरं जाळं आलं. तिसरं आलं. बैल घेऊन वर उभे असलेले शेतकरी ओरडू लागले, बायकांनी बेगमचं नाव घेऊन हाका मारायला सुरुवात केली, आणि देवळाचे गुरुजीही नारळाचा राग विसरून पायऱ्या उतरून खाली आले.

मग एक मोठं झाड आलं आणि बेगम दिसेनाशी झाली. गुलाबबीने माझी मूठ धरली, इतकी घट्ट की बोटं दुखली. झाड पुढे सरकलं. त्याच्या पलीकडे काळं डोकं वर आलं, आणि तोंडात दोरी होती.

शेवटचं एक जाळं राहिलं होतं. ते वळसा सोडून तापीत शिरलं. बेगम दमली होती, तरी काठाशी येऊन तिने मागे बघितलं आणि ती वळणार तेवढ्यात दगडू ओरडला.

"जाऊ दे ते. मन्हंच शे. गुलाबबी, बलाव तिले."

गुलाबबीने हाक मारली. बेगम काठावर आली आणि तिने सगळ्यांच्या अंगावर पाणी झटकलं. कुणीही मागे सरलं नाही.

दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे नंदुरबारहून टांगेवाला भाऊ आला. दगडूच्या घरी त्याला पुरणपोळी जेवू घातली आणि रिकामाच परत पाठवला. चावडीने आपला निकाल मागे घेतला असं कुणी कधी बोललं नाही. मात्र भोयांची एक रीत आहे. धरलेले मासे वाळूवर ओतायचे आणि त्यांचे ढीग करायचे. जो जो पाण्यात उतरला त्याचा एक ढीग, एक नावेचा, एक जाळ्याचा. पूर ओसरल्यावर पहिल्यांदा मासे आले तेव्हा दगडूने सगळे ढीग मांडले आणि कडेला आणखी एक मांडला. कुणाचा ते कुणी विचारलं नाही. तेव्हापासून तो ढीग कायम झाला. गुलाबबी गल्लीत सांगू लागली की भोयांना जाळी लावायला बेगमने शिकवलं. भोईही ऐकून घेत.

पुढे माझी बदली झाली. मी निघाले त्या सकाळी गुलाबबी निरोप द्यायला घाटावर आली नाही, याचं मला थोडं वाईट वाटलं. नाव सुटली आणि मी मागे वळून पाहिलं तेव्हा ती दिसली. वाळूवर ढीग मांडणं चालू होतं आणि ती कमरेवर हात ठेवून दगडूशी भांडत होती. शब्द ऐकू येत नव्हते, पण बेगमचा ढीग लहान आहे एवढं मला इतक्या दुरूनही कळलं. बेगम मागून उघडी, पुढून शाल पांघरलेली, आपल्या ढिगामागे ताठ बसली होती. नाव धारेला लागली तसा दगडूने आपल्या वाट्यातला एक मोठा मासा उचलून तिच्या ढिगावर ठेवला. गुलाबबीने तो उचलला, दोन्ही हातांनी उलटून पाहिला, आणि सगळ्या घाटाला दिसेल असा वरती नीट मांडला.